गोकुळ वाइंडर आणि न उघडणारा डबा

"आपोआप जळली" हे दोन शब्द कानावर पडले की गोकुळचं डोकं फिरायचं. जव्हारच्या एसटी स्टँडमागे त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दिवसाआड कोणीतरी पिठाच्या गिरणीची नाहीतर पाण्याच्या पंपाची मोटार पोत्यात घालून आणायचं, दारात आदळायचं आणि म्हणायचं, "काय केला नाय भाऊ, आपोआप जळली." मग गोकुळ हातातला पाना खाली ठेवायचा आणि त्या माणसाकडे नीट बघून घ्यायचा.

"आपोआप केस पांढरे होतात. मोटार होत नाय काळी. कोणतरी जाळतो तवा जळते."

गिऱ्हाईक ओशाळायचं, नाहीतर चिडायचं. गोकुळला त्याचं काही नव्हतं. जळलेल्या मोटारीचं कारण समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय तो ती दुरुस्तीला घेतच नसे. उज्ज्वला, त्याची बायको, म्हणायची की ह्या माणसाला दुकान नको होतं, कोर्ट हवं होतं.

तो मूळचा दाभोश्याचा. घरची भातशेती पोटापुरती, तीही पाऊस मनासारखा पडला तर. दहावीत गणितानं दगा दिला तसा तो भिवंडीला गेला. यंत्रमागावर राबायला म्हणून गेला, पण मागाच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात त्याचा जीव रमेना. शेजारच्या गाळ्यात एक म्हातारा उस्ताद जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचा. गोकुळ जेवणाच्या सुटीत तिथे जाऊन बसायला लागला आणि काही महिन्यांत तिथलाच झाला. उस्तादाची शिकवण एका ओळीची होती: "पहले सूंघ, फिर खोल." तारेवरचं व्हार्निश जळलं की वेगळा वास, बेअरिंग जाम होऊन तापलं की वेगळा, आत पाणी शिरलं की वेगळा. गोकुळ मोटार खोलायच्या आधी तिला नाक लावायचा. लोक हसायचे, हसू देत, म्हणायचा.

मोटार कशी फिरते हे तो कोणालाही सांगायला एका पायावर तयार असे. बाहेर न हलणारं लोखंडी कडं, त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी. तीन तारांतून वीज येते, पण तिघींचा जोर एकदम चढत नाही. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. त्यामुळे वेटोळ्यांत तयार झालेलं चुंबक एका जागी बसत नाही, गोल गोल पळतं. आतला रोटर त्याच्या मागे धावतो. गाठत मात्र कधीच नाही. जरासा मागे राहतो, आणि मागे राहतो म्हणूनच त्याच्यात ओढ असते. "गाठला तर ताकदच संपली," गोकुळ सांगायचा. मग विजेचा दाब कमी झाला की काय होतं तेही. तेवढंच दळण ओढायचं तर मोटार जास्त करंट खाते, जास्त खाल्ला की तापते, तापली की व्हार्निश वितळतं, तारेला तार चिकटते आणि संपलं. तीनातली एक तार गेली तर नुसती घुं घुं करत जागच्या जागी जळते. हे सगळं खरं होतं, पण त्या भागात दाब कधी पुरा यायचाच नाही. तो भरायचा, ती जळायची. तीच गिरणी, तीच मोटार, त्याच खाचा. इतकी वर्षं तेच तांबं काढायचं आणि तेच घालायचं, याचा त्याला मनापासून वैताग यायचा. निदान कारण तरी ठाऊक असतं, एवढं एकच त्यातलं समाधान होतं, आणि ते तो कोणालाही हिरावून घेऊ देत नसे.

दुकानात मोटारींशिवाय एक वेल्डिंग मशीनही होतं, कारण नुसत्या मोटारींवर घर चालत नाही. त्या मशीनचं मुख्य काम म्हणजे जीपची पायदानं. जव्हार-मोखाड्याकडे नवी जीप आली की आधी नारळ फुटतो, मग मागच्या दाराखाली लोखंडी पायदान बसतं. कंपनी गाडी बनवते ती आत बसणाऱ्यांसाठी. इकडची निम्मी माणसं बाहेर उभी असतात. पायदान नसलेल्या जीपला स्टँडवर कोणी गाडी म्हणत नसे. गोकुळनं अशी किती बसवली असतील त्याचा हिशेब त्यानं कधी ठेवला नाही. एकही उखडलं नाही हे मात्र तो सांगायचा.

आणि आता पंढरी. पंढरी हा त्याचा साडू, उज्ज्वलाच्या धाकट्या बहिणीचा, पुतळीचा नवरा, पोशेऱ्याचा. त्याची उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या जीपा हाकण्यात गेली होती. मोखाड्याच्या स्टँडवर जीपवाल्यांचे नंबर ठरलेले. नंबर असेल तरच जव्हारच्या लाइनीवर माणसं भरता यायची, आणि नंबर मिळवायला कोणाचा तरी सुटावा लागायचा. नियम कडक होता. गाडी महिनाभर स्टँडला लागली नाही तर नंबर रांगेतल्या पुढच्याला. एका म्हाताऱ्या मालकानं धंदा सोडला तेव्हा पंढरीला नंबर मिळाला, आणि त्यानं मागेपुढे न बघता थेट नवी कोरी जीप उचलली. दोन हजार सहा साल असेल. नव्या जातीची गाडी होती, आवाज कमी, चढावर दमदार. पंढरी तिला रोज पुसायचा. पुतळी म्हणायची, "मला कवा इतक्या मायेनं बघला नाय यांनी."

पायदान अर्थातच गोकुळनंच बसवायचं. पंढरीनं गाडी दुकानासमोर लावली आणि पहिलीच अट घातली.

"मागचा रंग खरवडू नको हां भाऊ. नवा हाय."

वेल्डिंगला दोन तारा लागतात. एक हातातल्या कांडीची, दुसरी अर्थिंगची, ती कामाच्या लोखंडाला चिमट्यानं पकडायची. चिमट्याला उघडं लोखंड लागतं, रंगावरून करंट जात नाही. मागचा रंग खरवडायचा नाही म्हटल्यावर गोकुळनं चिमटा पुढे नेऊन बंपरखालच्या, गाडी ओढायच्या हुकाला लावला. हूक उघडाच होता. सगळी गाडी एकच लोखंड, कुठेही लावा, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. ठिणग्या उडाल्या, पायदान बसलं, गाडी चालू झाली, पंढरी त्यावर दोनदा उड्या मारून खूश होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीनिशी तो घाटात अडकला. गाडी आचका देऊन बंद पडली ती पडली. माणसं उतरून चालायला लागली. गाडी दोरीनं ओढून जव्हारला आणली, आणि पंढरीनं नाशिकच्या कंपनीच्या वर्कशॉपचं नाव काढताच गोकुळ म्हणाला, "नाशिकला काय ठेवलाय? मी बसलाय ना इथं."

हे वाक्य पुढे त्याला फार जड गेलं.

चावी फिरवली की स्टार्टर फिरायचा. स्टार्टर म्हणजे मोटारच, गोकुळचा हुकमाचा प्रांत. तो छान फिरत होता, तरी गोकुळनं तो खोलला, ब्रश बदलले, पुन्हा बसवला. आणखी छान फिरायला लागला. इंजिन मात्र पकडेना. डिझेल येत होतं, बॅटरी भरलेली होती. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा तेवढा जळत होता. त्या दिव्यानं गोकुळचा जीव नकोसा केला. काहीतरी बिघडलंय हे सांगतो आणि काय बिघडलंय ते सांगत नाही! असल्या माणसाला त्यानं दुकानात उभं केलं नसतं.

जुन्या जीपची गोष्ट सरळ होती. पंप फिरला की दाबानं डिझेल आत उडायचं, दाबानं पेटायचं. हिच्या इंजिनावरून तारांचा जुडगा निघून डॅशबोर्डखाली एका चपट्या डब्यात शिरत होता. हाताच्या पंजाएवढा, ॲल्युमिनियमचा. गोकुळनं तो काढला, उलटापालटा केला, नाकाला लावला. कसलाच वास नाही. चार स्क्रू काढले, तर झाकणाखाली घट्ट गोठलेला काळा लुकणासारखा थर. आत काय आहे ते दिसेना, खरवडावं तर मोडायची भीती. जन्मभर ज्या माणसानं जळलेल्या वस्तूच्या पोटात हात घालून कारण बाहेर काढलं, त्याच्या हातात आता पोटच नसलेली वस्तू होती. त्यानं तारा मोजल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. दिवा पिवळाच.

असे दोन आठवडे गेले. पंढरी रोज यायचा, पायरीवर बसायचा, काही बोलायचा नाही. तो काही बोलत नाही याचाच गोकुळला जास्त राग यायचा.

"तो बसलाय तिथं तर काम सुचत नाय मला," त्यानं घरी कुरकुर केली.

"त्याचा नंबर जाईल त्याचं काय?" उज्ज्वला भाकरी थापता थापता म्हणाली. "एकदा तोंडानं म्हण ना, नाय येत मला. इतका काय जड हाय त्यात?"

"येत नाय असा नाय. सापडत नाय."

"मग तो सापडेपर्यंत माझी बहीण काय करील?"

गोकुळ ताट सरकवून उठला. बायको बरोबर बोलते तेव्हा त्याला जेवण जात नसे. दुसऱ्या दिवशी त्यानंच टेम्पो ठरवला, जीप त्याला बांधली, आणि मोखाड्यावरून घाट चढून, त्र्यंबकच्या रस्त्यानं तिघे नाशिकला गेले: तो, पंढरी आणि मुकी गाडी.

वर्कशॉपमध्ये निळ्या डगल्यातला एक पोरसवदा मेकॅनिक होता. त्यानं डॅशबोर्डखाली एक पिन खोचली, हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि चहा पूर्ण व्हायच्या आत सांगितलं, "ईसीएम गेलाय, हा डॅशबोर्डखालचा डबा. नवीन टाकावा लागेल. वॉरंटीत आहे, पैसे नाही लागणार. पण पुण्याहून मागवावा लागेल, वेळ जाईल."

"काय जातो तो? काय करतो काय हा डबा?" गोकुळनं विचारलं.

पोरगा बरा होता, त्यानं सांगितलं. गाडीत जागोजागी सेन्सर आहेत. इंजिन किती वेगानं फिरतंय, पाणी किती तापलंय, हवा किती आत येतेय, ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय, सगळ्यांची खबर डब्यात येते. डबा क्षणाक्षणाला हिशेब करतो आणि एकेका इंजेक्टरला वीज सोडतो, त्या विजेनं त्याचं तोंड उघडतं, तेवढ्यापुरतंच डिझेल उडतं. डब्यानं हुकूम दिला नाही तर दाबाखालचं डिझेल दारात उभं राहतं, आत जात नाही. म्हणून स्टार्टर कितीही फिरला तरी उपयोग शून्य. गोकुळला हे पटलं, आवडलंसुद्धा. मोटारीत चुंबकच रोटरला पळवतं, इथे पळवायचं की नाही हे ठरवणारा वेगळा बसलाय, एवढाच फरक. मग त्यानं त्याचा जन्माचा प्रश्न विचारला.

"गेला कशानं पण?"

पोरगा पडदा बंद करत होता. "जातो कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"इलेक्ट्रॉनिक आहे काका. जातो आपोआप."

गोकुळच्या कपाळाची शीर उडाली. भिवंडीच्या उस्तादानं असं उत्तर देणाऱ्याला गाळ्याबाहेर काढलं असतं. त्यानं जुना डबा मागितला, मी घरी नेऊन फोडून बघतो म्हणाला. तो कंपनीला परत जातो, असं उत्तर मिळालं. आता ह्यावर भांडावं तर पंढरीनं मागून शर्ट ओढला. "भाऊ, मला गाडी पायजे. कारण नको."

डबा यायला वेळ लागलाच. गाडी मोखाड्याला पोचली तेव्हा महिना उलटून थोडे दिवस वर झाले होते. स्टँडवाल्यांनी कुरकुर केली, मग नवीन गाडी आहे, कंपनीचा दोष आहे, म्हणून डोळेझाक केली. वर बजावलं की पुढच्या वेळी असं चालायचं नाही. पंढरीनं सगळ्यांना चहा पाजला. लाइनीवर त्याची जीप पुन्हा भरून धावायला लागली. गोकुळच्या दुकानावरून जाताना तो हॉर्न द्यायचा. गोकुळ हात वर करायचा आणि मनात ते वाक्य पुन्हा घोळवायचा: जातो आपोआप. त्याला त्या वाक्यानं झोपेत नाही, पण कामात नक्कीच छळलं. गिरणीवाला मोटार घेऊन आला आणि "आपोआप" म्हणाला, तर पहिल्यांदाच गोकुळ काही बोलला नाही. गिरणीवाल्याला वाटलं, ह्याची तब्येत बरी नाही.

दिवाळी झाली. भात झोडून झालं, माणसं कामाला भिवंडी-ठाण्याकडे निघाली, जीपा ओसंडून जायला लागल्या. एका सकाळी पंढरी दुकानासमोर थांबला. पायदानाच्या एका पायाला चीर गेली होती. गोकुळनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचं एकही पायदान आजवर उखडलं नव्हतं.

"किती माणसं चढवतोस रे?"

"जितकी चढतात तितकी. राहू दे भाऊ, दुपारच्या फेरीनंतर बघू. माणसं खोळंबलीत स्टँडला."

"नाय. माझ्या वेल्डिंगवरून माणूस पडला तर? आत्ता करतो. तू चहा पिऊन ये."

हट्ट त्याचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. पंढरी नको म्हणत होता.

मागचा रंग अजून तसाच चकचकीत होता. पंढरीनं तो तसा ठेवला होता. गोकुळनं सवयीनं चिमटा पुढे नेला आणि हुकाला लावला. मागे येऊन चिरेवर कांडी टेकवली. ठिणग्या, धूर, पुन्हा ठिणग्या. आतल्या बाजूनं एक फेर, बाहेरून एक. हातोडीनं ठोकून पाहिलं, घट्ट. या वेळी दुप्पट माणसं चढली तरी हलायचं नाही असं त्याला वाटलं, आणि खूप दिवसांनी जरा बरं वाटलं. गाडी सावलीत घ्यावी म्हणून तो आत बसला, चावी फिरवली.

स्टार्टर फिरला. छान फिरला. इंजिन पकडेना.

त्यानं पुन्हा फिरवली. समोर पिवळा दिवा लागला होता, आणि राहिला.

गोकुळ खाली उतरला. डोकं भलतंच स्वच्छ झालं होतं. त्याची नजर पुढच्या हुकाला लावलेल्या चिमट्यावर गेली. तिथून ती मागच्या पायदानापर्यंत गेली, आणि मधे सबंध गाडी होती. वेल्डिंगचा करंट, शंभर अँपिअरच्या वरचा, मागून पुढे कसा गेला? लोखंडातून. आणि ह्याच लोखंडाला गाडीतल्या प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मोटारीची, त्या डब्याचीही परतीची तार जोडलेली. बॅटरीची तार त्यानं काढली नव्हती. कशाला काढायची? जुन्या जीपमध्ये जळण्यासारखं होतंच काय? ह्या गाडीत सेन्सरचा इवलासा करंट ओळखून हिशेब करणारा डबा त्याच वाटेवर बसला होता आणि त्यानं त्या वाटेवरून पूर सोडला. कांडी उचलली की झटका, टेकवली की झटका. मागच्या वेळी अर्धा मेला होता, म्हणून तीन दिवस चालला आणि घाटात तापल्यावर पुरता गेला. या वेळी जागच्या जागी.

आपोआप गेला नव्हता. दोन्ही वेळा जाळणारा तोच होता.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, क्षणभर त्याला आनंद झाला. कारण सापडलं होतं! इतके महिने गळ्यात अडकलेला काटा निघाला होता. त्या आनंदाची त्याला लगेच इतकी लाज वाटली की त्यानं चिमटा हुकावरून ओढून काढला आणि गटारात फेकला.

पंढरी हॉटेलातून परत आला. त्याच्या हातात गोकुळसाठी चहाचा ग्लास होता. गोकुळनं तो घेतला नाही. तिथेच, रस्त्यात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. चिमटा कुठे होता, कांडी कुठे होती, करंट कुठून कुठे गेला, बॅटरीची तार काढायला हवी होती, चिमटा कामाच्या जवळ लावायला हवा होता, रंग गेला असता तर गेला असता. काहीही लपवलं नाही. पहिला डबाही मीच मारला, हेही सांगितलं. तो इतकं नीट सांगत होता की एरवी कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय समजावतो हा माणूस. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि तरी तो समजावतच राहिला, कारण थांबलं की पंढरी काहीतरी बोलणार होता.

पंढरीनं शेवटपर्यंत ऐकलं. वेल्डिंगनं मेलेला डबा वॉरंटीत बसत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पुण्याहून डबा यायला किती लागतो ते त्यानं बघितलं होतं. मोखाड्याचा नंबर कोणाकडे जाणार तेही त्याला माहीत होतं. तो माणूस रोज सकाळी स्टँडवर त्याच्या गाडीशेजारी येऊन उभा राहायचा. पंढरीनं चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला, आणि आपल्या शर्टाच्या बाहीनं तिथे सांडलेले थेंब पुसले.

"सगळा समजला ना तुला आता, भाऊ?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "अगदी पुरता समजला?"

"समजला."

"मग कर चालू."

गोकुळनं गाडीचं दार उघडलं. मग आत जाऊन बसला आणि काय होणार आहे ते पक्कं माहीत असताना त्यानं चावी फिरवली.